इस्त्री गरम आहे तोवर

पावाची टोपली तिने बाजूला सारली,
वही उघडली,
आणि जन्मात पहिल्यांदा मला तुम्ही म्हणाली,
"या, बसा. आपलं नाव?"

एलिओदोरो, म्हणालो.
"पूर्ण नाव सांग, पपा. आणि हात वर ठेव,
मांडीखाली दाबलेस की काहीतरी लपवतोयस असं वाटतं."

लपवण्यासारखं काय आहे हातांत.
नखांच्या कडेला सव्वीस वर्षांचं ग्रीस,
लिंबू लावून झालं, रॉकेल झालं, जात नाही.
यास्नाने वहीत काहीतरी लिहिलं.

"आधीच्या कामाबद्दल सांगा."
वाल्पाराइसोच्या टेकडीवर, म्हटलं, यंत्राच्या खोलीत बसायचो.
खटका ओढला की एक लाकडी डबा वर यायचा, एक खाली जायचा.
"असं नको. प्रवासी वाहतूक, सुरक्षा, रोकड हाताळणी."
रोकड म्हणजे ती नाणी?
मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या एर्मिन्दाकडून तर
मी कधी घेतलीच नाहीत.
"हे अजिबात बोलू नकोस."

"ते काम का सोडलंत?"
मी नाही सोडलं. दोर थकला.
महापालिकेचा माणूस आला, दाराला साखळी घातली,
आणि कुलूप माझ्याकडेच मागितलं.
दिलं.
चांगलं पितळी होतं.

"तुमच्यातला एखादा दोष?"
बरं झालं विचारलंस, म्हणालो, आणि मोजायला लागलो:
रविवारची दारू,
भूकंप झाला की आधी पळतो आणि मग हाका मारतो,
तुझी आई इस्पितळात होती तेव्हा दोन रात्री मी
"पपा."
पेन थांबलं.
"खरे नाही विचारत ते.
म्हणायचं, मी कामात फार काटेकोर आहे,
त्याचा कधीकधी मलाच त्रास होतो."
हा दोष?
"असाच सांगतात."
मग पाद्रीबाबांपुढे इतकी वर्षं मी फुकटच घाम गाळला.

हसली नाही. पान उलटलं.
"पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे बघता?"

जागा विन्याच्या मॉलमधली,
पार्किंगचा रखवालदार, तळघरात दुसऱ्या मजल्यावर.
म्हटलं, जमिनीखाली.
हाही विनोद तिला आवडला नाही.
पण दुसरं काय सांगू?
वर गेले, खाली आले ते डबे.
मी एकाच स्टुलावर होतो,
खिडकीतून समुद्र दिसायचा, बोटी लागायच्या, सुटायच्या,
कुठे असशील असं मला
कुणी विचारलंच नव्हतं.

"असं म्हण," ती म्हणाली,
वहीकडे न बघता, एका दमात,
"या संस्थेबरोबर वाढताना, नव्या जबाबदाऱ्या पेलताना
मी स्वतःला बघते."

बघते.

बघतो नाही.

तिच्या लक्षात आलं नाही. मी पावाचा तुकडा मोडला.
एप्रिलपासून दर मंगळवारी तो निळा ब्लाउज,
ओठांना किंचित रंग, "लायब्ररीत जाते,"
आणि संध्याकाळी चपला हातात घेऊन जिना चढणं.
मला वाटलं होतं कुणी मुलगा असेल.
न बघताच आवडायलाही लागला होता मला तो,
उंच असेल, बंदरावर कारकून वगैरे.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "ते विचारतील,
तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?
नाही म्हणायचं नसतं. काहीतरी विचारायचंच."

विचारलं.
किती झाल्या, यास्ना?

खाली रस्त्यावर गॅसच्या सिलिंडरवाला
लोखंडावर लोखंड वाजवत गेला. पार वळणापर्यंत गेला.
"आठ," ती म्हणाली.
मग वहीच्या कोपऱ्याला घडी घालत,
"नववी परवा. फोन करतो म्हणतात सगळे."

खुर्चीच्या पाठीवर माझं उद्याचं जाकीट,
एर्मिन्दाच्या नवऱ्याचं, खांद्यात जरा मोठं,
तिने आत्ताच कडक केलेलं.
उठलो. तिच्या डोक्यावर हात ठेवणार होतो,
पण ग्रीसचे हात.

इस्त्री अजून गरम आहे, म्हटलं,
आण तो निळा.