हजुर

बुधवारी चार ते पाच, मुद्देमालाच्या खोलीत
नेपाळीचा वर्ग.
वरून परिपत्रक आलंय :
देवगड तालुक्यात बागांत राखणीला, बोटींवर खलाशी
नेपाळी माणूस वाढलाय,
प्रत्येक अंमलदाराला शंभर शब्द यायलाच हवेत.

जप्त जाळ्यांच्या ढिगावर आम्ही सातजण.
डिझेलचा वास, सुक्या बांगड्याचा वास.
फळा म्हणून आंब्याच्या पेटीची फळी,
आणि शिकवायला कमला बुढाथोकी,
जामसंड्याच्या बागेत अकरा मोसम काढलेली.
खडू असा धरते,
जसा देठासकट उतरवलेला हापूस.

पहिल्या दिवशी हसलो.
मलाई म्हणजे मला.
घाडी हवालदार म्हणाले, मलाई कुणाला नको?
ती हसली नाही. पुढचं लिहिलं :
मलाई थाहा छैन. मला माहीत नाही.
‘हे तुम्ही सगळ्यात जास्त ऐकणार,’ म्हणाली,
‘आणि ते खरंही असू शकतं.’

नाक तेच, कान तेच, हात तोच.
पाणी जवळजवळ तेच.
मार हा शब्द तिने फळीवर लिहिला नव्हता,
तो आम्ही विचारला.

मग तीन पायऱ्या : तँ, तिमी, तपाईं.
ठाण्यात आलेल्या माणसाला यातलं काय म्हणाल?
कुणी बोललं नाही. बाहेर वायरलेस खरखरला.
वाघमोडे मॅडम म्हणाल्या,
‘आधी मराठीतच शिकायला लागेल, बाई.’

मी जतचा. इथं बदली झाली तेव्हा
खंय म्हणजे कुठे, हे कळायला महिना गेला.
बंदरावरची एक म्हातारी सारखी म्हणायची,
माका ठावक नाय, माका ठावक नाय.
मी डायरीत लिहिलेलं :
संशयित – ठावक. पत्ता मिळून येत नाही.
हा किस्सा मी वर्गात सांगितला.
बाई पहिल्यांदा हसल्या, पदर तोंडाला लावून.

तिसऱ्या बुधवारी आला हजुर.
‘याच्या दोन तऱ्हा,’ म्हणाल्या.
‘सपाट म्हटलं तर : होय, ऐकतोय.
शेवट वर उचलला तर :
काय म्हणालात? पुन्हा सांगा.’

माझी पेन्सिल तिथंच थांबली.

टेकबहादूर. वय एकोणीस. मागच्या मार्गशीर्षात.
बोटीवरून डिझेलचे पाच कॅन गेलेले,
तांडेल दारात उभा, मला जेवायला उशीर झालेला.
कॅन तू उचललेस?
हजुर.
रात्री बोटीवर तूच होतास?
हजुर.
कुणाला विकलेस?
हजुर.

तिसऱ्या प्रश्नाला होय हे उत्तरच होत नाही.
ते तेव्हा खटकायला हवं होतं.
मी लिहिलं : विचारले असता कबूल करतो की.
माझं अक्षर चांगलं आहे, साहेब नेहमी म्हणतात.

तेवीस दिवस सावंतवाडीला.
सुटल्यावर तांडेलानं घेतला नाही.
कुठे गेला, मलाई थाहा छैन.
दोन कॅन नंतर भरतीनं खडकात आणून टाकले,
ते याच खोलीत आहेत, खिडकीखाली,
चिठ्ठी माझ्या अक्षरात.

किती लागलं असतं?
एक प्रश्नचिन्ह.
पण आमच्या कागदावर प्रश्नचिन्ह
फक्त आमच्या बाजूला असतं.

पाच वाजता बाईंनी हजेरी घेतली.
घाडी, हजर. वाघमोडे, हजर.
माझं नाव आलं.
तोंडून निघालं ते हजर नव्हतं.

बाईंनी वर पाहिलं.
आणि माझं नाव
पुन्हा घेतलं, सावकाश.