झालं म्हण

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी काटा थांबला.
लातूर एमआयडीसी, डाळ मिल, तुरीचा हंगाम,
फाटकापासून पार बार्शी रोडपर्यंत ट्रक.
बिभीषण घोगरेचा फोन: "मॅडम, आकडा हलंना झालाय.
मघाचंच वजन दावायलंय.
गाडी मागं घेतली तरी भरल्यालीच दिसायलीय."

आता हे सांगावं लागेल, की काट्याचा प्रोग्राम
कुठल्याच नव्या मशिनीवर चालत नाही.
मालक म्हणतात बदलायचा नाही, लाभला आहे.
म्हणून एका मोठ्या मशिनीच्या पोटात
मी एक खोटी मशीन वसवली
आणि काट्याचं कार्ड, खरंखुरं, हिरवं, धूळ बसलेलं,
तिच्या नावावर करून दिलं.
सातबारा पाहुणीचा.
बांधावरची वाट मात्र यजमानाच्या अंगणातून.

कारण कार्डाला काही सांगायचं असलं
की ते एक दोरी ओढतं,
आणि दोरीचं दुसरं टोक
पाहुणीच्या हातात कधीच नसतं.
घंटा वाजते यजमानाच्या उशाशी.
तो हातातलं टाकून उठतो,
आधी घंटेवर तळहात ठेवतो
(कार्ड दोरी ओढून धरतं, सोडत नाही,
तळहात नसला तर घणघणाटात सगळं घर वेडं व्हायचं),
मग आत हलकेच सांगतो: तुझ्यासाठी आहे.
ती जाते, वजन उतरवून घेते,
कार्ड दोरी सोडतं,
ती म्हणते, झालं.
मग तो तळहात उचलतो.

एका ट्रकमागे हे हजारदा.
कुणाला दिसत नाही.

मागच्या वर्षी तीच दोरी
पेनड्राइव्हच्या खाचेलाही बांधलेली होती.
घंटा वाजली की यजमान विचारायचा, कोण?
खाच म्हणायची, मी नाही.
कार्ड इतकं जुनं, की त्याला हो म्हणता येत नव्हतं.
लाख हाकांतल्या नव्व्याण्णव हजार नऊशे
अशाच वाया गेल्यावर
यजमानानं ती लाइनच मिटून टाकली
आणि नोंदीत एक ओळ लिहिली:
कुणालाच फिकीर नाही.
मी ती मोठ्यानं वाचली होती,
ऐकायला एसी होता.
मग कार्ड दुसऱ्या खोबणीत हलवलं. स्वतःची दोरी.

आज ते नव्हतं.
आज यजमान शहाण्यासारखा बसला होता,
तळहात घंटेवर, वाट बघत.
पाहुणी निम्म्यात अडकलेली.
हातात वजन, तोंड उघडं.
पडद्यावर तिचं घड्याळ चालू होतं
म्हणून जिवंत वाटत होती.
चूक शोधत बसले, सापडली नाही.
एक शब्द तेवढा राहिला होता.

पाहुणीला झोपवलं, उठवलं.
कार्ड झटकलं. यजमानाचा हात सोडवला.
तीन वाजून पाच मिनिटांनी आकडा शून्यावर आला,
मग वाऱ्यानं दहा किलो,
पुन्हा शून्य, पुन्हा दहा.
इतकं बरं वाटलं की बघतच राहिले.
मग नोंद लिहिली. तारीख, वेळ, कारण.
कँटीनच्या मागे पोऱ्यानं चहा दिला, दोनदा.

पावणेचारला बाहेर आले तर
ट्रक जिथल्या तिथं.
खय्यूम ड्रायव्हर बोनेटवर ब्लँकेट घेऊन:
"मॅडम, हुआ क्या?"
"कब का हुआ."
"तो कोई बोला नै."

काट्याच्या तोंडाशी लाल फडकं बांधलेली दोरी,
तिचं एक टोक धरून
खुर्चीत ताठ बसलेला बिभीषण,
कानटोपीत, डोळे उघडे.
"तुमी काई सांगितलंच न्हाई, मॅडम.
म्हनून चढवली न्हाई गाडी."

चाळीस मिनिटं.

मी म्हणाले, झालं.
त्यानं दोरी सोडली.