खालचा जबडा

मे महिना. सत्तेचाळीस अंश.
अमरावती रोडवरच्या आमच्या विभागात
कूलर नुसता ओल्या गवताचा वास फेकतो.
पडद्यावर मात्र
दक्षिण ध्रुवाजवळचा एक मासा सावकाश फिरतो आहे.
मांस नाही, खवले नाहीत,
स्कॅनमधून उरलेली फक्त कवटी,
पिवळट, मेणाची असावी तशी.

मी तिच्यावर ठिपके ठेवते.
एका माशाला एकशे सव्वीस.
दातांच्या मुळाशी, कल्ल्याच्या झाकणावर,
आणि वरचा जबडा खालच्याला भेटतो
त्या बिजागरीवर जपून, श्वास धरून.

माशाची कवटी हे एक हाड नव्हे.
सुटी सुटी पुष्कळ हाडं एकमेकांना धरून,
काही घट्ट,
काही नावापुरती.
समुद्र गारठला, जुने मासे गेले,
जागा रिकाम्या झाल्या,
तेव्हा मेंदूची पेटी फारशी हललीच नाही.
जबडे सुटले.
कोणी चिमट्यासारखा झाला, कोणी सुपाएवढा,
कोणी गाळातले किडे वेचणारा,
कोणी बर्फाखाली वर बघत राहणारा.
ज्यांची हाडं एकमेकांना सोडायला तयार होती
त्यांच्यातून जाती निपजल्या,
असं निदान माझा आलेख म्हणतो.
तीन मासे रेषेबाहेर आहेत. त्यांचं काय करायचं, ठाऊक नाही.

सहाला गेटाबाहेर पडते
आणि माझाही खालचा जबडा जरा सरकतो:
'हो'चा 'हाव' होतो, आईची माय.

मंगळवारी बाजार. नागपुरात थंडी म्हणजे एवढीच:
भुशातून काढलेली बर्फाची लादी
आणि चाळीस वर्षं तिच्यात बुडून
पांढरी पडलेली मायची बोटं.
कटल्याचं मुंडकं विळीला लावून ती विचारते,
"काय पाहून राहिली वं दिवसभर त्या कम्प्युटरात?"
"माशायचे जबडे."
"त्यात काय पाह्याचं? तोंड वर, तं वरचं खाते.
तोंड खाली, तं गाळ."
खच्.
माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण बाजूच्या घमेल्यात पडतं.

मी सांगते, तिकडच्या काही माशांचं रक्त
लाल नसतंच. पाण्यासारखं असतं.
विळीवरचा हात थांबतो.
"मंग कापल्यावर समजन कसं,
जित्ता होता म्हणून?"

उत्तर आहे माझ्याकडे. गार पाणी, त्यात विरघळलेला प्राणवायू,
मोठं हृदय...
"सयत्राबाई, मरळ आहे का?"
माय टपात कोपरापर्यंत हात घालते.