अनिवार्य रकाना

नारिनमध्ये, फेब्रुवारीत, आम्ही सात संस्था
शाळेच्या एका वर्गात बसलो होतो, कोट न काढता.
कोळशाची शेगडी विझत आलेली,
समोवारच्या वाफेनं खिडकी आंधळी,
आणि तेमिरलान फळ्यावर चौकोन काढत होता.

हा चौकोन म्हणजे माणूस, तो म्हणाला.
हा कार्यक्रम : शिवणकाम, वकील, बाळाचं दूध.
ही रेघ म्हणजे कोण कुठून कुठं गेलं.
सर्व्हर बिश्केकला, आपल्याकडे नुसता पडदा.
कोचकोरच्या बाईला घरबसल्या दिसेल
अत-बाशीत खाट रिकामी आहे की नाही,
मध्यरात्री फोन फिरवत बसायला नको.

हे मला पटलं. फोन मी फिरवले आहेत.
एका रात्री नऊ. दहावा लागला
तेव्हा ती बाई जिन्यावर नव्हती.

माझी एक हिरवी वही आहे. म्हणजे चौदा.
त्यांत कुणाचं नाव नाही.
‘राखी घोडी, दोन शिंगरं’ एवढं लिहिलं की मला समजतं,
‘डावा कान’ लिहिलं की नको तितकं समजतं.
कुलूप म्हणाल तर माझं गिचमिड अक्षर,
किल्ली म्हणाल तर मी,
एकसष्ट वर्षांची, रक्तदाबाची गोळी विसरणारी.
बुरुलकान-एजे, तो हसला,
उद्या बर्फावरून घसरलात तर?
खोटं कशाला बोलू, दोनदा घसरलेय या हिवाळ्यात.

मग कुणी काय पाहायचं यावर जुंपली.
वकिलाला दुधाचा हिशेब कशाला,
दूधवालीला खटल्याची तारीख कशाला,
सायकाल म्हणाली, मला तर काहीच दाखवू नका,
माझ्या पोटात राहत नाही.
जिल्हा कचेरीचा माणूस टाय सारखा करत म्हणाला,
आम्हाला फक्त वाचायचा अधिकार द्या. फक्त वाचायचा.

फक्त.
त्याचा मेहुणा राख्या घोडीला शोधत तीन गावं हिंडला,
हे त्याला ठाऊक असेल, नसेल.
मेहुण्यालाही फक्त वाचायचंच होतं :
दारावरचा नंबर.

तेमिरलाननं ‘पत्ता’ लिहिलं, शेजारी तांबडी चांदणी काढली.
ही असली की रकाना अनिवार्य, तो म्हणाला,
रिकामा सोडला तर नोंद साठवली जात नाही.
मग नको साठवूस, मी म्हटलं.

बशीतल्या बोर्सोकला कुणी हात लावेना.
त्यानं आधी चांदणी पुसली.
थोडं थांबून शब्द पुसला.
फळ्यावर गुलाबी डाग राहिला, त्यावरच त्यानं पुढचं लिहिलं :
खाटांचा आकडा दिसेल, खाट कुठं ते दिसणार नाही,
ते फोनवर, आवाज ओळखून.
आणि जो कोणी नोंद उघडेल
त्याचं नाव, वेळ, मिनिटासकट, मागं उरेल.
हे मात्र माझ्या वहीला कधी जमलं नव्हतं.
कुणी चोरून पान उलटलं तर
पान बिचारं गप्प.
कचेरीच्या माणसाला एकाएकी शेवटच्या बसची आठवण झाली.

संध्याकाळी तो म्हणाला, जुन्या वह्या द्या, भरून घेतो.
तेरा दिल्या.
चौदा होत्या ना, एजे?
तळघरात ओल आली होती, मी म्हटलं.

नव्व्याण्णवचा हिवाळा, हिरव्या पुठ्ठ्यातलं सातवं पान :
‘चिमणी. कडेवर तापलेलं कोकरू,
उजव्या भुवईवर तीन टाके. पहाटे परत गेली.’

फळा पुसताना खडूची धूळ त्याच्या तोंडभर उडाली होती,
भुवईवरची ती पांढरी रेघ आता धुळीत हरवली होती.
बाहीनं पुसत तो लॅपटॉपवर वाकला :
तुमचा पासवर्ड काय ठेवू?
काहीही ठेव, मी म्हटलं.
तुझा ठेवशील तेव्हा आईचं नाव नको ठेवूस.
ते सगळ्यात आधी शोधतात.