खेकडली

रेंज फक्त सड्यावर येते,
म्हणून रात्रीचं जेवण झालं की मी विजेरी, फोन
आणि भावाची जुनी हार्डडिस्क घेऊन वर चढतो.
कातळावर बसायची जागा ठरलेली.
खाली खाडी,
पलीकडे कंपनीच्या जेटीवरचे पिवळे दिवे.

चिनी मी पुण्यात शिकलो, पोटासाठी.
बंदरात लागणाऱ्या खलाशांची दुखणी, दाखले,
थकलेल्या पगारांच्या तक्रारी
उलथून द्यायच्या, पानामागे दोनशे.
त्यातल्याच एकानं जाताना तिचा पत्ता दिला.
नाव नाही. ‘सातवा मजला’ एवढंच.

ती खिडकीतून टिपायची.
दवाखान्याच्या मागच्या दाराशी थांबलेली गाडी.
कारखान्याच्या फाटकाशी बसलेल्या बायका, मांडीवर डबे.
एक म्हातारा, हातात कोरा कागद,
आणि त्याला विचारणारा पोलीस :
यावर काय लिहिलंय?

दहा मिनिटं टिकायचं. कधी चार.
तेवढ्यात मी उतरवून घ्यायचो,
भरती पायाला लागेस्तोवर
कालवं काढत बसणाऱ्या बाईसारखा.

तिनंच सांगितलं,
तिकडे नदीतला खेकडा आणि एकोपा
बोलताना जवळजवळ सारखेच.
वरच्यांना हवा एकोपा,
म्हणून काही पुसलं गेलं की लोक म्हणतात, खेकड्यानं नेलं.
मी म्हटलं, मराठीत आपण ‘खेकडली’ म्हणू.
ती हसली, म्हणजे हसरं तोंड पाठवलं.
मग मी तिला सांगितलं, आमच्याकडे
दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत.
लांबडा म्हणतात.
आई तर नुसतंच ‘तो’ म्हणते, आणि पाय वर घेते.
तिनं विचारलं, मग तो चावत नाही?
मी लिहिलं, चावतो. पण आपण बोलावला नव्हता,
एवढं समाधान.
बराच वेळ काही आलं नाही.
मग आलं : हे मी वापरू?

गेल्या मार्गशीर्षात खाडी पांढरी झाली.
बोय, पालू, तांबोशी, सगळ्यांची पोटं वर.
त्रेचाळीस सेकंद मी फोन धरला.
पाइपाचं तोंड दिसतं त्यात, फेस दिसतो,
आणि गुडघाभर पाण्यात एक माणूस
काही न बोलता
एक शेंगटी उचलून माझ्यापुढे धरतो.

संध्याकाळी पोलीसपाटील घाडीकाका आले.
चहा घेतला.
“ता काढून टाक. तुझो भाव कंपनीत आसा.
गावात एकोपो ऱ्हवाक व्हयो.”
एकोपो.
मी काढून टाकलं. त्यांच्यासमोरच,
दुसऱ्या हातानं बशीला जागा करून देत.
तो माणूस आता रस्त्यात भेटला
तर मला फक्त मासळीचा भाव सांगतो.

परवा सातवा मजला खेकडला.
दाबलं की करडा चौकोन,
खाली ओळ : असं कुणी अस्तित्वात नाही.
आदल्या रात्री तिनं मोठं गाठोडं पाठवलं होतं.
अर्ध्यात रेंज तुटायची,
तीन रात्री लागल्या उतरायला.

आज सोडलं. सदतीस फिती.
छत्तीस तिच्या.
सदतिसावी खाडी.
घाडीकाका यायच्या तासभर आधी
मीच पाठवली होती, नुसती, बघ म्हणून,
आणि विसरलो होतो.
तिनं नाव दिलंय दोन अक्षरांचं : नदी, खेकडा.
खाली तारीख. ओहोटीची वेळ, कुठून शोधली कोण जाणे.
पाइप उत्तरेला की वायव्येला, असा प्रश्न.
आणि शेवटी :
मासा धरणाऱ्याचं नाव काय?
त्याला विचारल्याशिवाय लिहू नकोस.

म्हणून ते इथेही नाही.

त्याची होडी पहाटे पाचला लागते.
विजेरीचे सेल उतरलेत, पाऊलवाट काळीकुट्ट,
आणि गवतात काहीतरी सरसरलं.
साप, मी मोठ्यानं म्हटलं.