शेकडा सात

आर्चाची फळं बुरुलचा रात्रभर भिजत घालते,
सकाळी जाळीवर चोळते.
निळी साल सुटते, बी उरतं कणीएवढं.
हाताचा वास दुपारी नानलाही लागतो.

मग त्यातल्या शंभर बिया मोजून पाटीवर मांडते
आणि एकेक चिरते.
आत पांढरा गर, तर उजवीकडे.
पोकळ, तर डावीकडे.
अळी असली तरी डावीकडेच.

आज उजवीकडे एकोणतीस.

लिही, म्हणते.
पहिल्या वसंतात काही उठायचं नाही.
दुसऱ्यात निम्मी. चौदा धर.
उंदीर दोन नेतील, मेमधलं दंव तीन,
बुडाशी काळी पडून मान टाकतील ती दोन.
उरली सात.
वरच्या उतारावर एकवीसशे रोपं लावायचीत,
म्हणजे बिया तीस हजार,
आणि वर एक मूठ.

मूठ कशाला?
माझ्या चुकीची.

आणि ही उजवीकडची? मी विचारतो.
ती पाटी कोंबड्यांपुढे झटकते.
ज्यांना विचारलं, ती गेली, म्हणते.
बाकीच्यांना विचारायचं नाही, पेरायचं.

फळीवर काल्मुर्झाच्या जुन्या वह्या आहेत.
बावीस वर्षं रोपवाटिका त्याच्याकडे होती.
एका रकान्यात अंदाज, शेजारी प्रत्यक्ष.
अठराशे, अठराशे.
दोन हजार चाळीस, दोन हजार चाळीस.
मी थक्क होतो. बुरुलचा हसते.
कमी आली तर जंगलातून उपटून आणायचा.
जास्त आली तर
उपटून शेडमागे टाकायचा.
जास्तीचा खुलासा द्यावा लागे ना कचेरीला.

संध्याकाळी बादली रिकामी करायला शेडमागे गेलो.
गंजलेलं पत्र्याचं पिंप, फुटके ट्रे,
आणि त्यांच्या मधून, वाकडीतिकडी,
एक तर पिंपाच्या भोकातून बाहेर आलेलं,
आर्चाची झाडं.
माझ्या गुडघ्याएवढी. सतरा.
मुळं वर करून फेकलेली असणार.

बुरुलचाला हाक मारली.
ती चाकू पुसत आली, बराच वेळ बघत राहिली.
मी वही उघडली.
ही कुठल्या रकान्यात?

मिट ती, म्हणाली.
आणि ते कुंपण नीट कर,
शेळ्यांना दिसता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी वाफ्यात वाळू कालवताना
तिनं मूठ भरली,
थांबली,
आणि आणखी एक भरली.