तीन मिनिटांचे साडेतीन मार्क

बर्लिन, पोस्टाची इमारत, साल अडतीस.
माझं काम सोपं होतं :
कंगवा द्यायचा, टोपी काढायला सांगायची
(काठाची सावली डोळे खाते)
आणि दार ओढून घ्यायचं.
आत अंधार. उजेडाचा एक ठिपका
ओळीमागून ओळ चेहऱ्यावरून उतरायचा,
आंधळ्यानं बोटांनी तोंड चाचपावं तसा.
आणि तिकडे लाइपझिगला
कुणाची तरी मावशी उमटायची,
थरथरती, भिंतीवरच्या ओलीसारखी.

बहुतेक लोक ओरडत.
‘दिसतोय का मी?’
‘दिसतोस. आणि मी?’
‘तूपण!’
यातच दोन मिनिटं जात.

ओटिलिए क्राउझे गुरुवारी यायची.
टोप्यांच्या कारखान्यात कामाला, बोटांना नमद्याचा वास.
चिठ्ठी पुढे करायची : भाऊ गॉटहोल्ट, लाइपझिग. आवाज नको.
मी लिहून दिलं : आवाजाची सूट नाही.
ती हसली, पैसे मोजले.

पहिल्या खेपेला हात चौकटीत मावलेच नाहीत.
भावाला दिसले नुसते हलते खांदे,
बहीण कणीक मळत असावी तसे.
पुढच्या गुरुवारी दोघं तयारीनं आले.
सगळे शब्द हनुवटीशी ओढून घेतलेले.
बर्फाला एरवी दोन्ही हात पसरावे लागतात म्हणे,
तो आता कानापाशी, दोन बोटांत पडायचा.

यंत्राच्या खोलीतून त्साबेल फोनवर खेकसला,
‘लाइनवर आवाज नाही. बिघाड आहे?’
काचेतून बघत मी म्हटलं,
‘नाही. बोलणं चालू आहे.’

पुढच्या वसंतात तिनं एक कागद
तोंडासमोर धरला. सरकारी शिक्क्याचा.
एकशेऐंशी ओळींत अक्षर टिकत नाही,
पडद्यावर नुसता पांढरा चौकोन,
आणि त्याच्यामागे बहीण नाही.
तिनं कागद खाली घेतला,
हात वर आणले,
एकच खूण केली. मी ती आधी पाहिली नव्हती.
गॉटहोल्टनं ती परत करून दाखवली, सावकाश,
धडा गिरवावा तशी,
मग तळहात पुढे केला, भिंगावर.
पडदा काळा.

ती पुन्हा आली नाही.
चाळीस साली खोलीला कुलूप लागलं,
तार दुसऱ्या कामाला हवी होती म्हणाले.
कंगवा मी घरी आणला.

वहीत त्या दिवशीची नोंद माझ्याच हातची आहे :
क्राउझे, पूर्ण आकार वसूल.
चाळीस सेकंद उरले होते.
त्यासाठी वहीत रकाना नव्हता.